जवसाचं तेल: खायचं आणि लावायचं

अपूर्वच्या रक्ततपासणीचा रिपोर्ट आला आणि त्याच आठवड्यात माझ्या सासूबाई नेदरलँड्सला, आमच्या टिलबर्गला येऊन पोचल्या. दोन्हींचा एकमेकांशी काही संबंध नव्हता, त्यांचं तिकीट केव्हाच काढून झालं होतं. पण शिपोल विमानतळावरून घरी येताना ट्रेनमध्ये अपूर्वने त्यांना रिपोर्टबद्दल सांगितलं आणि आईंच्या तीन महिन्यांच्या मुक्कामाला कामच मिळालं.

"कोलेस्टेरॉल जरा वाढलंय," तो म्हणाला.

"जरा म्हणजे किती?"

त्याने आकडा सांगितला. आई खिडकीबाहेर बघत राहिल्या. माझे सासरे, जयप्रकाश, एकोणपन्नासाव्या वर्षी गेले. वर्ध्याला, एका रविवारी सकाळी, दाढी करता करता. तेव्हा अपूर्व इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला होता. आता तो अडतीसचा आहे. आइंडहोव्हनला चिप बनवायच्या यंत्रांवर काम करतो. दिवसभर खुर्चीत असतो आणि दुपारी कँटीनमध्ये तळलेले क्रोकेट खातो.

आमची हाउसआर्ट्स, म्हणजे इथली फॅमिली डॉक्टर, वडिलांबद्दल ऐकून गोळी सुरू करू म्हणत होती. अपूर्वने तिच्याकडून तीन महिने मागून घेतले होते. खाण्यापिण्यात बदल करून बघतो, म्हणाला. ती म्हणाली, बघा, पण मग पुन्हा तपासणी करायची आणि त्यानंतर मी सांगेन ते ऐकायचं.

"गोळी एकदा लागली की सुटत नाही, आई. त्यापेक्षा..."

"त्यापेक्षा जवस," आई म्हणाल्या आणि पर्समधला मोबाईल काढून त्यांनी मला विचारलं, "स्नेहल, जवसाला इथे काय म्हणतात गं?"

मला माहीत नव्हतं. मी पुण्याची. जवसाची चटणी आमच्याकडेही होते, पण तोंडी लावायला, महिन्यातून कधीतरी. आईंच्या बोलण्यातून मात्र असं वाटायचं की वर्ध्याकडे माणूस जवसावरच वाढतो. भाकरीवर जवसाचं तेल, झुणक्यावर तेल, बाळंतिणीला जवसाचे लाडू, गाईला जवसाची ढेप, म्हणजे पेंड.

आईंचं नाव शामला. मुलींच्या शाळेत त्यांनी तीस-एक वर्षं भूगोल शिकवला. आपल्याला एखादी गोष्ट माहीत नाही याची त्यांना लाज वाटत नाही, उलट आनंदच होतो. आल्या आल्या त्यांनी मला विचारलं, की समुद्रसपाटीच्या खाली असलेल्या गावांत विहिरी असतात का, आणि इथल्या घरांना पडदे का नसतात. मोबाईलचा कॅमेरा अक्षरांवर धरला की भाषांतर होतं, हे कळल्यापासून तर घरातला एकही डबा त्यांनी सोडला नाही.

तिसऱ्या दिवशी सुपरमार्केटमध्ये ब्रेडच्या पिठांच्या फळीपाशी त्या थबकल्या. "लाइनझात," त्यांनी मोबाईलवर बघून वाचलं, पाकीट कानाशी नेऊन हलवलं आणि दुकानाच्या मधोमध हसल्या. "हेच की! किती स्वच्छ आहे, एक खडा नाही."

घरी आल्यावर त्यांनी जवस कढईत कोरडंच भाजलं. तडतड आवाज थांबला तसा गॅस बंद केला. मग लसूण, लाल मिरची, जिरं, मीठ घालून मिक्सरमधून फिरवलं. अपूर्वने बोट बुडवून चाखलं आणि तो डोळे मिटून उभा राहिला. नवऱ्याचा तो चेहरा मी याआधी पाहिला नव्हता.

माझ्या ऑफिसमधली मैत्रीण लतिका सकाळी दह्यात अख्खे जवस घालून खाते, असं मी आईंना सांगितलं.

"अख्खे? चावून खाते का?"

"नाही, गिळतेच बहुतेक."

"मग काय उपयोग! सालपट इतकं टणक असते की जसं आत जाते तसं बाहेर येते. कुटल्याशिवाय जवस खाणं म्हणजे पत्र न उघडता वाचण्यासारखं आहे."

मी उत्सुकतेपोटी शोधून पाहिलं, तर विद्यापीठांच्या पानांवरही तेच लिहिलेलं होतं. दळलेलं बी खा, भरपूर पाणी प्या, हळूहळू वाढवा. बियांत विरघळणारा तंतू असतो, तो कोलेस्टेरॉल थोडं खाली आणतो. लिग्नान नावाचं काहीतरी असतं. आणि ओमेगा थ्री, जे मासे न खाणाऱ्या आमच्यासारख्यांना फारसं कुठून मिळत नाही. मी वाचून दाखवत गेले आणि आई प्रत्येक वाक्याला "हं, मग?" म्हणत राहिल्या. मग त्यांनी विचारलं, "आणि तेलात? तेलात यातलं काय उरते?"

"तेलात तंतू नाही. ओमेगा थ्री आहे."

"म्हणजे दोन्ही पाहिजे," आई म्हणाल्या.

तेल मिळालं तेही सुपरमार्केटमध्येच, गडद काचेच्या इवल्याशा बाटलीत, फ्रिजच्या कपाटात. आईंना ती बाटली म्हणजे थट्टाच वाटली. "ही तर अत्तराची झाली. घरात निदान बरणीभर तेल हवं." त्या बाटलीतलं तेल त्या मोजून थेंब थेंब वाढायच्या आणि प्रत्येक वेळी सुस्कारा टाकायच्या.

मग एका बुधवारी मी वरच्या खोलीत मीटिंगमध्ये असताना त्या एकट्याच बसस्टॉपपाशी फेरी मारायला गेल्या. तिथे दुकानांची एक रांग आहे. फुलांचं, सायकल दुरुस्तीचं आणि खिळे-रंग-ब्रश असलं सामान विकणारं. या शेवटच्या दुकानाच्या काचेत त्यांना "लाइनओली" हा शब्द दिसला. तेवढं डच त्यांना आता येत होतं. पत्र्याचा चांगला लिटरभराचा डबा होता. कॅमेरा धरला तर मोबाईलने सांगितलं, "उकळलेले जवस तेल".

उकळलेलं म्हणजे आणखीच चांगलं, टिकेल, असं त्यांना वाटलं. डब्याच्या मागची बारीक अक्षरं त्यांनी वाचली नाहीत.

घरी येऊन त्यांनी डबा बागेतल्या टेबलावर ठेवून उघडला. थोडं सांडलं, ते जुन्या सुती फडक्याने पुसलं आणि फडकं चुरगाळून उन्हात भिंतीपाशी टाकलं. वास जवसाचाच होता, जरा उग्र. अपूर्वच्या ताटात काहीही नवीन जायच्या आधी स्वतः खाऊन पाहायचं, हा त्यांचा नेम. म्हणून सकाळच्या भाकरीचा तुकडा आणून त्यावर त्यांनी चमचाभर तेल घातलं आणि खाल्लं. चव कडवट लागली. थंड हवेमुळे असेल, असं म्हणून त्यांनी तुकडा संपवला.

शेजारी कुंपणापलीकडे खेर्त त्यांच्या लाकडी बाकाला सँडपेपर घासत होते. खेर्त सत्तरी ओलांडलेले आहेत. एका बियाणं कंपनीचे हिशेब सांभाळून निवृत्त झाले, एकटेच राहतात. त्यांचं नाव पहिल्यांदा ऐकलं तेव्हा आई म्हणाल्या होत्या, "हे तर आपले खेर!" आणि तेव्हापासून त्या त्यांना खेरभाऊ म्हणायच्या. दोघांचं इंग्रजी वेगवेगळ्या दिशांनी मोडकं होतं, तरी संभाषण छान चालायचं.

"मॅडम, तुम्हीही बाक रंगवताय?" खेर्तनी डबा बघून विचारलं.

"नो, नो," आई म्हणाल्या. "फॉर ईटिंग. व्हेरी गुड फॉर हार्ट."

मीटिंगमध्ये मला खालून "नेए, नेए, नेए!", म्हणजे नाही नाही, असा ओरडा ऐकू आला. मी हेडफोन काढून धावतच खाली गेले. खेर्त कुंपणाचं छोटं दार ढकलून आमच्या बागेत आले होते, डबा त्यांच्या हातात होता आणि ते मला मागच्या बारीक अक्षरांवर बोट ठेवून दाखवत होते. लाकडासाठी. पिऊ नये. तेल लवकर वाळावं म्हणून त्यात धातूंचे क्षार मिसळलेले असतात.

"किती खाल्लं?" मी आईंना विचारलं.

"चमचाभर." त्यांचा चेहरा उतरला होता. "विष आहे का ते?"

मी डॉक्टरांच्या दवाखान्यात फोन लावला. तिथल्या सहायक बाईने शांतपणे विचारलं, किती, केव्हा, खोकला येतोय का, श्वास लागतोय का. काहीच होत नव्हतं. थोड्या वेळाने डॉक्टरचाच फोन आला. उलटी करवू नका, थोडं पाणी द्या, खोकला किंवा धाप लागली तर लगेच आणा. एवढ्याशा तेलाने बहुधा पोट बिघडण्यापलीकडे काही होणार नाही, असंही ती म्हणाली.

मी फोन ठेवला तर खेर्त भिंतीपाशी वाकून ते फडकं उचलत होते. त्यांनी ते आईंच्या तळहातावर ठेवलं.

"गरम आहे!" आई म्हणाल्या.

"उन्हामुळे," मी म्हणाले.

खेर्तनी मान हलवली. ऊन केव्हाच भिंतीवरून सरकलं होतं, बाजूची वीट गार होती. फडकं आतून गरम होत होतं. हे तेल हवा खातं, असं त्यांनी समजावलं. हवा खाताना तापतं. चुरगाळलेल्या फडक्यातली उष्णता बाहेर पडत नाही, मग कधीकधी ते आपलं आपण पेटतं. त्यांनी फडकं बादलीभर पाण्यात बुडवलं.

पोटात विष गेलंय की काय या भीतीने बसलेल्या माझ्या सासूबाई बादलीवर वाकल्या आणि म्हणाल्या, "हवा खातं म्हणजे नेमकं काय करतं?"

अपूर्व संध्याकाळी आला तेव्हा आईंना काहीही झालेलं नव्हतं. पण मी फोनवर सांगितल्यापासून तो ट्रेनमध्ये जे काही मनात रचत आला होता, ते त्याने सगळं बोलून टाकलं.

"आई, तू ते मला वाढणार होतीस!"

"आधी मी खाल्लं ना."

"म्हणजे तुला काही झालं असतं तर मला कळलं असतं की खायचं नाही? ही काय पद्धत आहे?"

"जवसाचंच तेल आहे, अपूर्व. वास तोच आहे."

"वर्ध्यात नाहीयेस तू! इथलं कळत नसेल तर विचारायचं कुणाला तरी. लहान आहेस का?"

आई उठून आपल्या खोलीत गेल्या. आयुष्यभर ज्यांनी मुलींना "विचारा, विचारा" म्हणून सांगितलं, त्यांना हे वाक्य कुठे लागलं असेल ते मला कळत होतं. अपूर्वलाही कळलं. तो जेवला नाही नीट.

पुढचे दोन दिवस आईंनी मोबाईलचा कॅमेरा कशावरही धरला नाही. स्वयंपाक करायच्या, चटणी मात्र ताटात आली नाही. पोट एकदा बिघडून बरंही झालं. तिसऱ्या दिवशी सकाळी त्या माझ्या टेबलापाशी आल्या.

"स्नेहल, घरात चार सारख्या बशा आहेत का?"

मी बशा काढून दिल्या. त्यांनी एकीत डब्यातलं तेल घेतलं, दुसरीत फ्रिजमधलं खायचं जवसाचं, तिसरीत शेंगदाण्याचं, चौथीत ऑलिव्हचं. प्रत्येकात बोटाने पातळ पापुद्रा पसरवला, खाली चिठ्ठ्या लावल्या आणि बशा दक्षिणेच्या खिडकीत ओळीने मांडल्या.

"काय करून राहिल्या तुम्ही?" मी त्यांच्याच बोलीत विचारलं. त्या हसल्या, दोन दिवसांत पहिल्यांदा.

"पाहून राहिली आहे. एकाच बियाचं तेल. एक खायचं, एक लावायचं. फरक कुठे सुरू होते ते तर कळू दे."

रोज सकाळी त्या दातकोरणीने चारही बशा टोचून बघायच्या. डब्यातल्या तेलावर दुसऱ्याच दिवशी साय धरली. शेंगदाणा आणि ऑलिव्ह जसेच्या तसे राहिले. खायचं जवसाचं तेल बरेच दिवस नुसतंच जाड होत गेलं, मग बोटाला ओढ लागायला लागली आणि एका सकाळी दातकोरणीबरोबर त्याचा चिवट पापुद्रा उचलला गेला. त्याला आता जुन्या रंगाच्या डब्यासारखा वास येत होता. आईंनी ती बशी हातात घेऊन मला स्वयंपाकघरभर फिरवून दाखवली. कुंपणापाशी नेऊन खेरभाऊंनाही दाखवली.

"माझी आई हे बी उकळून वासरांना पाजायची," खेर्त म्हणाले. "बुळबुळीत पेज. आणि आमचं पोट साफ होत नसलं की आम्हालाही."

"सेम, सेम!" आई म्हणाल्या.

त्या शनिवारी अपूर्व चहाचा कप घेऊन खिडकीपाशी उभा होता. त्याने न विचारता दातकोरणी घेतली आणि पापुद्रा टोचला. मग वाकून बघितला. मग दिव्यासमोर धरला. त्याच्या कामातही पातळ थर, ते कसे धरतात आणि कसे सोलले जातात हेच असतं. माझ्या लक्षात आलं की आई दारात उभ्या राहून त्याच्याकडे बघत आहेत.

"काय होते रे त्याला?" त्यांनी विचारलं.

"बस, सांगतो." त्याने टिश्यू पेपर ओढून त्यावर नागमोडी रेघ काढली. "तेलाच्या रेणूत अशा लांब साखळ्या असतात. शेंगदाण्याच्या तेलात साखळीला एखाददुसरा दुहेरी जोड. जवसाच्या तेलातल्या बऱ्याचशा साखळ्यांत असे तीन. त्या जोडांच्या आसपास हवेतला ऑक्सिजन येऊन चिकटतो. मग शेजारच्या साखळ्या एकमेकींत अडकत जातात, जाळं तयार होतं. जाळं झालं की तेल पातळ राहत नाही. डब्यातल्या तेलाला घाई व्हावी म्हणून क्षार घातलेत, एवढाच फरक."

"आणि ओमेगा थ्री?" मी विचारलं. "ते कुठे असतं यात?"

त्याचं पेन थांबलं. तो स्वतःच काढलेल्या रेघेकडे बघत राहिला. "ते... हेच. ही तीन जोडांची साखळी. हिलाच म्हणतात."

"म्हणजे ज्याच्यामुळे ते हृदयाला चांगलं, त्याच्यामुळेच ते असं लवकर बिघडते?" आईंनी विचारलं.

"हो. म्हणूनच ते गडद बाटलीत, फ्रिजमध्ये ठेवतात. आणि म्हणूनच तापवायचं नाही."

आई खुर्चीत मागे टेकल्या. "माझी आई तेलघाणीवरून थोडंथोडंच तेल आणायची. आठवडाभर पुरेल तेवढं. मला वाटायचं घरात जागा नाही म्हणून. आणि बरणीखाली फळीवर पिवळा थर धरायचा, तो विळीने खरवडला तरी निघत नसे." त्यांनी टिश्यूवरच्या रेघेवर बोट ठेवलं. "इतकी वर्षं मी त्या फळीवर चिडत आली."

अपूर्व हसला. मग म्हणाला, "आई, त्या दिवशी मी फार बोललो."

"बोलला तू. पण विचारायला हवं होतं, हेही खरं आहे," त्या म्हणाल्या आणि उठून कढई गॅसवर ठेवली.

त्यानंतर चटणी रोज होऊ लागली, पण एका वेळी थोडीच. दळलेलं जवस डब्यात भरून फ्रिजमध्ये जायचं. तेल फोडणीला कधी पडलं नाही, ताटात वाढल्यावर वरून पडायचं. अपूर्व ऑफिसला घरचा डबा नेऊ लागला आणि जेवण झाल्यावर मायलेक कालव्याच्या काठाने लांबवर चालून यायचे. येताना बोलणं चालूच असायचं. वर्ध्याचं जवस थंडीत पेरतात, तर इथलं कधी? पोटात गेल्यावर त्या साखळीचं काय होतं? अपूर्वने शोधून सांगितलं, की माशांत जे तयार ओमेगा थ्री मिळतं, ते शरीर जवसातल्यापासून फार थोडंच बनवू शकतं. आईंना याचं वाईट वाटलं नाही. "थोडं म्हणजे शून्य नाही," त्या म्हणाल्या. "पण थोडं हे थोडंच आहे, हे लक्षात ठेवू."

तीन महिने संपत आले. अपूर्वचं रक्त पुन्हा तपासलं. डॉक्टरकडे जायच्या दिवशी आई म्हणाल्या, मीही येते.

डॉक्टर तरुण होती, केस वर बांधलेले, पायात स्पोर्ट्स शूज. तिने स्क्रीन आमच्याकडे वळवला. ट्रायग्लिसराइड छान उतरलं होतं. वाईट कोलेस्टेरॉल म्हणतात तेही उतरलं होतं, पण जिथे असायला हवं तिथपर्यंत नाही.

"मी रोज दळलेलं जवस खातो," अपूर्व म्हणाला. त्याच्या आवाजात जराशी तक्रार होती, मन लावून अभ्यास करूनही कमी मार्क मिळाल्यासारखी.

"फार चांगलं करता. सोडू नका," ती म्हणाली. "पोटाला चांगलं, रक्तदाबाला थोडं चांगलं, कोलेस्टेरॉलला थोडं चांगलं. यातलं किती जवसामुळे, किती चालण्यामुळे आणि किती क्रोकेट सोडल्यामुळे, ते मी सांगू शकत नाही. पण तुमचे वडील एकोणपन्नासाव्या वर्षी गेले. मला अजूनही गोळी सुरू करावीशी वाटते."

अपूर्वने आईंकडे बघितलं. त्याला त्यांच्याकडून काय हवं होतं ते मला स्पष्ट दिसत होतं. त्यांनी म्हणावं, की आणखी तीन महिने बघू.

आईंनी डॉक्टरला विचारलं, "टॅब्लेट अँड फ्लॅक्ससीड, टुगेदर, ओके?"

"ओके. फक्त एकाच वेळी नको, मध्ये थोडा वेळ जाऊ द्या."

"देन टॅब्लेट," आई म्हणाल्या. मग मराठीत अपूर्वला म्हणाल्या, "गोळी घे, बाळा."

"पण आई, तूच तर म्हणालीस, त्यापेक्षा जवस."

"तुझे बाबा रोज जवस खायचे," आई म्हणाल्या. "माझ्या हातचं. तेलही तेच. लग्न झाल्यापासून शेवटच्या दिवसापर्यंत."

डॉक्टरला शब्द कळले नव्हते, पण तिने कीबोर्डवरची बोटं उचलली.

"मग मला का खायला घालत होतीस?" अपूर्वने हळूच विचारलं.

"कारण चांगलं आहे ते. त्यात खोटं काही नाही. पण त्यांचं रक्त कधी कुणी तपासलंच नाही. जवस खातो, शेतात चालतो, मला काय होते, म्हणायचे. आणि मीही तेच म्हणायची." त्यांनी पदराने चष्मा पुसला. "जवसाने किती होते आणि किती होत नाही, हे मला एकदा पाहायचं होतं. तेव्हा पाहायला मिळालं नाही. आता पाहिलं."

अपूर्वने त्यांचा हात धरला. मग डॉक्टरकडे वळून तो म्हणाला, "लिहून द्या."

आईंच्या परतीच्या आधीच्या शनिवारी खेर्तनी आम्हाला त्यांच्या जुन्या गाडीत घालून समुद्राकाठच्या झेलंड प्रांतात नेलं. त्यांचं बालपण तिथलं, वडील तिथे जवस पिकवायचे. सकाळी लवकर निघू, असा त्यांचा आग्रह होता. का, ते तिथे पोचल्यावर कळलं. बांधाच्या वळणापलीकडे अख्खं शेत निळं झालं होतं. जवसाचं फूल सकाळीच उमलतं आणि दुपारपर्यंत पाकळ्या गळतात. उशीर झाला असता तर आम्हाला नुसतंच हिरवं शेत दिसलं असतं.

आई रस्त्याच्या कडेला उतरल्या आणि शेतापाशी जाऊन उभ्या राहिल्या. वारा आला की निळा रंग एका बाजूला झुकायचा. खेर्त हात मागे बांधून शेजारी उभे होते आणि त्यांना जन्मापासून माहीत असलेलं ते शेत त्या क्षणी आपणच पिकवलं असल्यासारखे खूश दिसत होते. मी फोटो काढत होते. आईंनी मात्र फुलाला हात लावला नाही. त्यांनी एका रोपाशी उभं राहून तळहात आडवा धरला आणि स्वतःच्या कमरेशी लावला.

"अपूर्व, इकडे ये. हे पाहा. आपलं जवस गुडघ्याला येते, फार तर थोडं वर. आणि त्याला खालपासून फांद्या. हे सरळ वर गेलं आहे, फांद्या फक्त शेंड्याला. असं काऊन?"

अपूर्वने खेर्तना विचारलं. खेर्त म्हणाले, इथे बियांपेक्षा धाग्यासाठी जास्त लावतात, लिननचा धागा. दाट पेरतात. पण दाट पेरल्यामुळे उंच होतं की मुळात जातच उंच, ते त्यांना ठाऊक नव्हतं. आयुष्यभर त्यांना तो प्रश्न पडलाच नव्हता, असं म्हणून त्यांनी डोकं खाजवलं.

शेताच्या पलीकडच्या टोकाला एक बाई ट्रॅक्टर थांबवून थर्मासमधून कॉफी ओतत होती.

"थांबा, विचारून येतो," अपूर्व म्हणाला आणि बांधावर चढून झपझप चालू लागला.

"दोन्हीकडचं बी शेजारी शेजारी पेरलं तर काय होईल, तेही विचार!" आईंनी मागून हाक मारली, आणि त्याला ऐकू गेलं की नाही याची खात्री नसल्यामुळे चपला सावरत त्याही त्याच्या मागे निघाल्या.